वादळ वळव, असं मागावं का?



गेले काही दिवस आपण रोज सकाळी भागवताचा दशम स्कंध थोडा थोडा वाचतोय. आजचा अध्याय पंचविसावा, म्हणजे गोवर्धन. खरं सांगू? काल रात्री वाचायला बसलो तेव्हा वाटलं, यावर आता नवीन काय लिहिणार? आजीच्या मांडीवर बसून ऐकलेली गोष्ट. कॅलेंडरवर पाहिलेलं चित्र. करंगळीवर डोंगर. सगळ्यांना पाठ आहे.

पण वाचता वाचता एका जागी अडकलो आणि मग बराच वेळ झोप लागली नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. कृष्णाच्या सांगण्यावरून व्रजातल्या लोकांनी इंद्राचा यज्ञ थांबवला आणि गोवर्धनाची पूजा केली. इंद्राचा अहंकार दुखावला. त्याने प्रलयकाळचे मेघ व्रजावर सोडले. वारा, गारा, मुसळधार पाऊस. गाई-वासरं थंडीने कापायला लागली. सगळे कृष्णाकडे धावले. त्याने गोवर्धन उचलला, सगळ्यांना गुराढोरांसकट खाली बोलावलं आणि सात दिवस तो तसाच उभा राहिला.

आता मला सांगा, जो डोंगर उचलू शकतो त्याला ढग ढकलता आले नसते? फुंकर मारली असती की पाऊस मथुरेकडे गेला असता. तिथे तर कंस होता, परस्पर काम झालं असतं! पण मथुरेत एकटा कंस नव्हता. देवकी-वसुदेव होते. तिथेही कुणाच्या तरी गाई होत्या, कुणाची तरी लहान मुलं होती.

कृष्णाने पाऊस कुणाकडे पाठवला नाही. पाऊस पडत होता तिथेच त्याने छप्पर धरलं.

मी अडकलो ते इथे. का अडकलो, ते सांगायला मला तुम्हाला ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यावं लागेल, अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये.

तेव्हा मी कामानिमित्त टँपा शहरात राहत होतो. ३ ऑक्टोबरला घटस्थापना झाली. घरी छोटासा घट बसवला होता. दोन दिवसांनी, शनिवारी, मेक्सिकोच्या आखातात एक वादळ तयार झालं. नाव मिल्टन. सोमवारपर्यंत ते पाचव्या श्रेणीचं, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं हरिकेन झालं. वाऱ्याचा वेग ताशी २९० किलोमीटरच्या घरात. दोन दिवसांत एवढं वाढलेलं वादळ बघून टीव्हीवरचे हवामानतज्ज्ञसुद्धा हादरले होते. आणि नकाशावरची ती रेघ सरळ आमच्या टँपा बे मध्ये शिरत होती.

टँपा बे ला मोठ्या हरिकेनचा थेट तडाखा याआधी बसला होता १९२१ मध्ये. शंभर वर्षांत शहर अवाढव्य वाढलं, पण ती आठवण असलेलं माणूस उरलं नाही. शिवाय दोनच आठवड्यांपूर्वी, २६ सप्टेंबरला, हेलीन नावाचं हरिकेन लांबून गेलं होतं, तरी किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. भिजलेल्या गाद्या, सोफे, फ्रिज अजून रस्त्याच्या कडेला ढीग करून पडले होते. या वेळी अंदाज होता समुद्राचं पाणी १० ते १५ फूट चढण्याचा. शहराच्या महापौर जेन कॅस्टर यांनी टीव्हीवर शब्द न चावता सांगितलं होतं, की धोक्याच्या भागात थांबलात तर मराल.

मी आदल्या वर्षी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलं होतं, शेल्टर चालवण्याचं छोटं प्रशिक्षणही घेतलं होतं. सोमवारी रात्री मेसेज आला. मंगळवारी लॅपटॉप बंद केला, मॅनेजरला कळवलं आणि एका शाळेत हजर झालो. तिकडे वादळात आसरा म्हणून बऱ्याचदा शाळाच उघडतात. जेवणाचा हॉल, व्हरांडे, वर्ग. एका माणसाला साधारण २० चौरस फूट जागा, म्हणजे एक चटई अंथरायची आणि पायाशी पिशवी ठेवायची. आम्ही जमिनीवर चिकटपट्ट्या लावून चौकोन आखले. नोंदणीचं टेबल लावलं. पाण्याच्या बाटल्या मोजल्या. कुत्र्या-मांजरांसाठी वेगळा भाग केला.

आणि मग वाट बघत बसलो.

वादळाची वाट बघणं हा अजब प्रकार आहे. पूर येतो, भूकंप होतो, तेव्हा विचार करायला वेळच नसतो. हरिकेन मात्र वेळापत्रक लावून येतं. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरकडून रोज चार मुख्य अपडेट येतात: पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच, रात्री अकरा. किनारा जवळ आला की मधेमधे आणखी. नकाशावर एक पांढरा शंकू असतो. वादळाचं केंद्र त्या शंकूच्या आतच राहील, असं साधारण तीनात दोन वेळा घडतं. म्हणजे तीनात एकदा ते बाहेरही जातं. सगळं शेल्टर पाच वाजता फोन काढतं. सगळ्यांची बोटं एकाच नकाशावर. शंकू इंचभर वर की इंचभर खाली?

त्या वाट बघण्यात माझ्या मनात दोन इच्छा आल्या. दोन्ही लिहितोय, कारण आज त्यांच्यावरच बोलायचं आहे.

पहिली इच्छा सांगायला जास्त लाज वाटते, म्हणून ती आधी सांगून टाकतो. मंगळवारी सकाळी बातमी आली, मिल्टन पाचव्या श्रेणीतून चौथ्या श्रेणीत उतरलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर जरा सुटकेचा भाव. आणि माझ्या मनात, अगदी क्षणभरच, काय आलं माहीत आहे? "अरेच्चा, मग एवढं सगळं केलं ते वाया जाणार की काय?"

सुट्टी घेतली होती. आईला फोनवर मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "मी शेल्टरमध्ये सेवेला आहे." वादळ विरून गेलं तर काय सांगणार? चिकटपट्ट्या लावल्या आणि परत आलो?

आपण सॉफ्टवेअरवाले ऑन-कॉल करतो. रात्रभर फोन उशाशी ठेवून झोपतो. काहीच वाजलं नाही तर सकाळी बरं वाटतं. रात्र वाया गेली असं कुणी म्हणत नाही. मग सेवेत असं का वाटतं? कारण पगारी ऑन-कॉलमध्ये मला सिस्टीम नीट चाललेली हवी असते. सेवेत मात्र कुठेतरी आत मला हवं असतं, की माझी गरज पडावी.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक आपण सगळे घोकतो. तुझा अधिकार कर्मावर, फळावर नाही. आपण फळ म्हटलं की पगार, बढती, कौतुक असं समजतो आणि वाटतं, मी तर फुकट काम करतोय, मला कुठलं आलंय फळ? पण सेवा करणाऱ्याचंही फळ असतं. आपली गरज पडणं, हे ते फळ. आणि ते फळ भयंकर महाग आहे, कारण ते मला मिळायचं तर कुणाचं तरी घर पडावं लागतं.

गोवर्धनाच्या गोष्टीत एक भर आपल्याकडे कीर्तनात हमखास घालतात. कृष्णाने डोंगर उचलल्यावर गोपांनी आपापल्या काठ्या खाली टेकवल्या, आणि थोड्या वेळाने त्यांना वाटायला लागलं की डोंगर आपल्याच काठ्यांवर उभा आहे. लहानपणी त्या जागी आम्ही खो खो हसायचो. मंगळवारी दुपारी त्या शाळेत मला हसू आलं नाही. मी काठी टेकवली होती, आणि डोंगर जरा खाली दाबला जावा म्हणजे माझी काठी उपयोगी ठरेल, असं मला वाटत होतं.

हे झालं पहिल्या इच्छेचं. आता दुसरी.

ही इच्छा सगळ्यांचीच होती आणि तिच्यात कुणालाच काही गैर वाटत नव्हतं. वादळ वळावं.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत मिल्टन परत पाचव्या श्रेणीत गेलं. माझी ती वाया जाण्याची भीती कुठल्या कुठे पळाली, खरी भीती आली. बुधवारी, नवरात्राच्या सातव्या दिवशी, सकाळपासून पाऊस. शाळा भरून गेली. बरेचसे मोबाईल होममध्ये, म्हणजे हलक्या तयार घरांत राहणारे वयस्क लोक. मी दर थोड्या वेळाने कोपऱ्यात जाऊन देवीचं नाव घेत होतो. मागणं एकच: आई, वळव गं हे.

आणि ते वळायला लागलं. वादळ जवळ येता येता रेघ थोडी थोडी दक्षिणेला सरकत गेली. संध्याकाळी पाचच्या अपडेटनंतर जवळपास स्पष्ट झालं, की केंद्र टँपाच्या खालून, सारासोटाच्या बाजूने जाणार. हॉलमध्ये कुणीतरी मोठ्याने ओरडून सांगितलं आणि टाळ्या वाजल्या. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मीही टाळ्या वाजवल्या. मनात म्हटलं, ऐकलं आईने.

माझ्या टेबलाजवळच्या चौकोनात सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. फोन हातात धरून नुसत्या बसल्या होत्या. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसेल. जवळ जाऊन म्हणालो, "वादळ दक्षिणेला चाललंय. आपण वाचलो बहुतेक."

त्या म्हणाल्या, "माझी मुलगी सारासोटात आहे."

एवढंच. रागाने नाही, सहज माहिती दिल्यासारखं. मी तिथे उभा, हात अजून टाळीच्या जागी.

रात्री साडेआठच्या सुमारास मिल्टन सारासोटाजवळ सिएस्टा की या बेटावर धडकलं, तिसऱ्या श्रेणीचं हरिकेन म्हणून. उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतं. त्यामुळे केंद्र आमच्या दक्षिणेकडून गेल्यावर आमच्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. ज्या टँपा बे मध्ये १० ते १५ फूट पाणी चढायचं होतं, तिथलं पाणी उलट बाहेर ओढलं गेलं. आणि केंद्राच्या खालच्या बाजूला, व्हेनिस, मनासोटा की अशा ठिकाणी, तोच वारा समुद्र उचलून घरांवर टाकत होता. आमची सुटका आणि त्यांचं संकट ही एकाच चाकाची दोन टोकं होती.

आम्ही अगदी कोरडेही राहिलो नाही. रात्री वीज गेली. पलीकडच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये एका दिवसात १८ इंचांवर पाऊस पडला. आणि ज्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, ते राज्याच्या दुसऱ्या किनाऱ्यावरचे लोक, सेंट लुसी काउंटीतली निवृत्त माणसांची एक वस्ती. वादळाचा डोळा अजून समुद्रात असतानाच दुपारी तिथे टोर्नेडो आला आणि सहा माणसं गेली. आम्ही सगळे शंकूकडे बघत होतो. ती माणसं कुणाच्याच प्रार्थनेच्या नकाशावर नव्हती.

त्या रात्री अंधारात बसलो असताना मला श्रीवर्धनची मावशी आठवली.

३ जून २०२०. तुमच्यापैकी मुंबई-ठाण्याकडच्यांना आठवत असेल, निसर्ग चक्रीवादळ. लॉकडाऊन चालू. मुंबईवर चक्रीवादळ येणार म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला. बीकेसीतल्या कोविड केंद्रातले रुग्णसुद्धा दुसरीकडे हलवले होते. मी तेव्हा ठाण्यात आई-बाबांकडे. खिडक्यांना टेप लावून बसलो होतो. दुपारी कळलं, वादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. मुंबई वाचली. मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "देवाची कृपा. वाचलो." खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मावशीही त्याच ग्रुपवर आहे. तिच्या मेसेजखाली मात्र एकच टिक येत होती. आम्हाला वाटलं, रेंज नसेल.

रेंज नव्हतीच. कौलं उडाली होती, विजेचे खांब आडवे झाले होते, आणि आजोबांच्या हातची नारळ-पोफळीची वाडी झोपली होती. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. माड त्याहून सावकाश. साठी ओलांडलेल्या माणसाने ती वाडी परत कधी उभी करायची?

बऱ्याच दिवसांनी मावशीचा फोन लागला. आई रडायलाच लागली. मावशी म्हणाली, "अगं रडतेस काय? आम्ही माणसं धड आहोत. आणि बरं झालं इकडे आलं ते. मुंबईत केवढी माणसं, त्यात तो रोग. कुठे गेली असती बिचारी?"

मी स्पीकरवर ऐकत होतो. तेव्हा वाटलं, मावशी किती मोठ्या मनाची. टँपाच्या त्या रात्री पहिल्यांदा कळलं, की मी जे ग्रुपवर लिहिलं आणि मावशी जे बोलली, त्यात फरक काय होता. घटना एकच, मुंबई वाचली. पण "बरं झालं" हे म्हणायचा हक्क मावशीचा होता, माझा नव्हता. ज्याच्या दारात वादळ आलं त्याने म्हटलं तर तो त्याग होतो. ज्याच्या दारातून ते गेलं त्याने म्हटलं, तर ते शेजाऱ्याच्या अंगणात कचरा लोटून देवाचे आभार मानण्यासारखं होतं.

आता तुम्ही विचाराल, मग काय संकटात स्वतःसाठी मागायचंच नाही? घरात तान्हं बाळ आहे, म्हातारे आई-वडील आहेत, समोरून वादळ येतंय, आणि मी "देवा, जिकडे जायचं तिकडे जाऊ दे" असं थंडपणे म्हणायचं? हे मलाही पटत नाही. आणि शास्त्रही असं म्हणत नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितलेत, त्यात आर्त, म्हणजे दुःखात हाक मारणारा, याचंही नाव आहे. आणि पुढे भगवंत त्या चौघांनाही चांगलंच म्हणतात. व्रजातले लोकही कृष्णाकडे धावले ते घाबरूनच. भीतीने हाक मारणं पाप नाही. आई लेकराला ओरडत नाही की तू घाबरलास का.

मुद्दा वेगळा आहे. इंजिनिअर म्हणून मला माहीत आहे, वादळाला वळवतात ते वरच्या थरातले वारे आणि हवेच्या दाबाचे पट्टे. माझ्या जपाने मिल्टन सारासोटाकडे गेलं असं मी मानत नाही. मानलं तर मला झोप लागणार नाही. मग माझ्या प्रार्थनेने काय बदललं? मी बदललो. बुधवारी दिवसभर मी "वळव, वळव" म्हणत होतो. त्या जपाने माझं मन असं तयार झालं, की पाच वाजता बातमी आल्यावर दुसऱ्याच्या मुलीच्या घराकडे बोट दाखवणाऱ्या नकाशाला मी टाळ्या वाजवल्या. क्षणभर सारासोटा मला फक्त "टँपा नसलेली जागा" वाटली. तिथे माणसं राहतात हे मला एका आजीबाईंनी सांगावं लागलं.

प्रार्थना वादळाला ऐकू जाते की नाही, देव जाणे. आपल्याला मात्र ती नक्की ऐकू जाते. दिवसभर जे मागतो, तसे आपण होतो.

आणि म्हणून कृष्णाने पाऊस वळवला नाही, ही गोष्ट मला काल एवढी मोठी वाटली. सात दिवस गोवर्धनाखाली उभ्या असलेल्या लोकांच्या मनात काय तयार झालं असेल? पाऊस मथुरेवर गेला असता तर व्रजातले लोक नाचले असते, आणि दुसऱ्या दिवशी मथुरेच्या वाटेने जायला त्यांना लाज वाटली असती. त्याऐवजी ते एका छपराखाली दाटीवाटीने उभे राहिले, गाईंच्या अंगाची ऊब घेत. पाऊस थांबल्यावर ते बाहेर आले तेव्हा कुणाचंही देणं लागत नव्हते.

गुरुवारी दुपारी त्या आजीबाईंचा फोन लागला. मुलगी सुखरूप होती, घरात गुडघाभर पाणी आलं होतं. त्या माझ्या टेबलाशी आल्या, म्हणाल्या, "ती ठीक आहे." मी म्हणालो, "काल मी टाळ्या वाजवल्या. माफ करा." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "दोन आठवड्यांपूर्वी हेलीन वर निघून गेलं, तेव्हा मीही देवाचे आभार मानले होते. नंतर टीव्हीवर ते डोंगर बघितले."

हेलीन उत्तरेला गेलं आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत त्याने पूर आणला. ॲशव्हिलसारखी गावं, जिथे हरिकेनची भीती कुणाच्या मनातही नव्हती, तिथे माणसं वाहून गेली. आजीबाई मला दोष देत नव्हत्या. आपण दोघंही एकाच बाकावरचे आहोत, एवढंच सांगत होत्या. मला त्यांच्यात मावशी दिसली.

शनिवारी, १२ ऑक्टोबरला, दसरा होता. सकाळी देवीपुढे दिवा लावला, घट हलवला. तिकडे आपट्याची पानं मिळत नाहीत. आम्ही दरवर्षी कागदाची कापतो. त्या वर्षी कापली नाहीत. गाडीत हातमोजे, काळ्या पिशव्या, झाडू, पाण्याचे कॅन भरले आणि तिघं मित्र दक्षिणेला निघालो. सारासोटा काउंटीतल्या एका वस्तीत दिवसभर ओले गालिचे कापून बाहेर ओढले. ओला गालिचा किती जड असतो, हे उचलल्याशिवाय कळत नाही. त्या आजीबाईंच्या मुलीचं घर त्यात होतं का, कोण जाणे. विचारलंही नाही.

संध्याकाळी परत येताना मित्र म्हणाला, "आज दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की रे." तो सहज बोलला. माझ्या मनात मात्र ते बसलं. गावची वेस ओलांडायची, मग पानं द्यायची, मग मोठ्यांच्या पाया पडायचं, हे लहानपणापासून करत आलो. वेस का ओलांडायची, हे कधी विचारलं नव्हतं. "वादळ वळव" म्हणताना मी एक वेस आखली होती: अलीकडे आम्ही, पलीकडे ते. ती वेस मनात आखली होती, म्हणून मनातल्या मनात ती पुसली जाणार नव्हती. गाडीत बसून तिकडे जावं लागलं.

आणि गंमत म्हणजे, त्या दिवशी माझी पहिली इच्छाही शांत झाली. कुणी माझं नाव विचारलं नाही. मी नसतो तर तो गालिचा दुसऱ्या कुणीतरी ओढला असता. काठी माझी होती. डोंगर माझ्या काठीवर नव्हता. हे कळल्यावर काठी धरायला हलकी वाटली.

आता मी वादळाच्या बातमीत काय मागतो? आजही तोंडून पहिलं तेच निघतं, "देवा, वळव." ते मी अडवत नाही, आर्ताची हाक आहे ती. पण तिथे थांबत नाही. त्याला दुसरं वाक्य जोडतो: "आणि ते जिकडे वळेल, तिकडे मला वळव." पहिलं वाक्य भीतीने आपोआप येतं. दुसरं मुद्दाम म्हणावं लागतं, आणि म्हटलं की ते पाळावं लागतं. पैसे पाठवून, जाऊन, फोन करून, आपल्याला जमेल तसं. हे दुसरं वाक्य म्हणायची तयारी नसेल, तर पहिलं जरा हळू म्हणावं, टाळ्या वाजवू नयेत.

हे फक्त हरिकेनपुरतं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. कंपनीत कपात होते, यादीत आपलं नाव नसतं, आपण म्हणतो "वाचलो". शेजारच्या डेस्कवरचा मित्र खोक्यात सामान भरत असतो. रिपोर्ट नॉर्मल येतो, आपण वेटिंग रूममधून हसत बाहेर पडतो; तिथे आणखी चार जण बसलेले असतात. आभार जरूर मानावेत. पण बाहेर पडताना एकदा वळून बघावं, ते कुणाच्या दारी गेलं.

आजचा छोटासा संकल्प: गेल्या वर्षभरात आपल्याला चुकवून गेलेलं एक संकट आठवा. ते कुणाकडे गेलं, ते आठवा. आज त्या माणसाला एक फोन करा. मी श्रीवर्धनला करतोय. मावशीने नवीन लावलेल्या पोफळींची चौकशी करायची आहे.

उद्या अध्याय सव्विसावा. डोंगर खाली ठेवल्यावर गोप एकमेकांना विचारतात, हा मुलगा आहे तरी कोण? वाचून ठेवा.

राम कृष्ण हरी!